पहिली ओळ कोणाची?

आषाढ पौर्णिमा झाली आणि आमच्या पिपरी मेघ्यातल्या विहाराचा भोंगा संध्याकाळी पुन्हा खरखरायला लागला. आता तीन महिने हा आवाज रोज येणार. भन्ते लोकांनी पावसाळ्यात एका जागी मुक्काम करायचा आणि आम्ही संसारी माणसांनी दिवस मावळताना विहारात जमून ग्रंथ ऐकायचा, असा हा वर्षावासाचा मोसम. दोडक्याची भाजी फोडणीला टाकता टाकता मी कान देते. आज कोण वाचतंय? कोणाची जीभ कुठल्या शब्दावर अडखळते? आमच्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर अजून कोणीतरी तूर लावतं, तिथल्या ओल्या मातीचा वास खिडकीतून येतो. विहाराच्या टिनावर पाणी पडायला लागलं की वाचणाऱ्याचा आवाज चढतो आणि मी कणीक मळायची थांबते. दरवर्षी हे असंच होतं, आणि दरवर्षी मला एकच वर्षावास आठवतो.

यंदा तर आठवायला निमित्तच मिळालं. परवा सुजाताचा फोन आला. ही आमच्या विहारातलीच मुलगी. लहान मुलांचा रविवारचा वर्ग आता ती घेते.

"ताई, शिबिर ठेवून राह्यलो आम्ही. आजूबाजूच्या विहारांत मुलांचे वर्ग घेणाऱ्या साऱ्या ताया अन् दादा येतीन. तुम्हाले बोलाचं आहे."

"कशावर वं?"

"नेतृत्व आणि वेळेचं नियोजन."

मी इतकी हसले की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. "बाप्पा! वेळेचं नियोजन, अन् मी? सुजाता, माह्या स्कूटीची चाबी रोज सकाळी मलेच सापडत नाई."

"तुम्हीच बोला. अर्धा तास. जास्त नको, लोकाईले घरी जायचं राह्यते."

बघा, नियोजन तिला येतं. फोन ठेवला आणि तिनं दिलेले ते दोन जड शब्द माझ्या स्वयंपाकघरात तसेच उभे राहिले. वरण खाली लागलं तरी ते हलेनात. नेतृत्व म्हणजे काय असतं? वर्ग घेणाऱ्या बाईचा वेळ नेमका जातो कुठं? लहानपणी माझे बाबा मला काऊनबाई म्हणायचे, कारण माझ्या प्रत्येक वाक्याच्या पुढं एक 'काऊन', म्हणजे 'का', असायचा. चाळिशी उलटली तरी ती खोड गेली नाही. उत्तर सापडलं नाही तर मला जेवण जात नाही. म्हणून त्या रात्रीपासून मी तो जुना पावसाळा उलटून पालटून पाहते आहे.

मी सेवाग्रामला एका लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्ताच्या नळ्या, त्यांच्यावरची नावं, मशीनचा घूंघूं आवाज. विहारातला वर्ग माझ्याकडे कसा आला, ते आता नीट सांगता येणार नाही. कोणीतरी म्हणालं, पोट्ट्यांना रविवारी सकाळी बसवायला कोणी पाहिजे. मी मान हलवली. एवढंच. मग दरी अंथरणं माझं झालं, मोमबत्ती माझी झाली, हजेरी, गोष्ट, भांडणं सोडवणं, बिस्किटाचे पुडे, सारं माझं झालं. विहाराची चाबीही माझ्याच पर्समध्ये. शनिवारची संध्याकाळ तयारीत जायची आणि रविवारची सकाळ वर्गात. महिला मंडळातल्या बाया म्हणायच्या, "रंजना नसली तं पान हालत नाई." गोड वाटायचं. खोटं काऊन बोलू?

वर्गाची सुरुवात त्रिशरण-पंचशीलानं व्हायची. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती मागून म्हणायची, ही आपल्याकडची जुनी रीत. मी डोळे मिटून पहिली ओळ म्हणायची, आणि पाठीमागून ती बारक्या आवाजांत परत यायची. कोणाचे दात पडलेले, कोणाला सर्दी, कोणी घाईत, कोणी अर्धा झोपेत. पण चूक कोणाचीही होत नसे. पालीतले शब्द त्या पोरांच्या तोंडात पेपरमिंटच्या गोळीसारखे फिरायचे. मला फार अभिमान होता.

माझी लेक मैत्री त्या वर्गात तिसऱ्या रांगेत बसायची. तेव्हा ती सहावीत होती. तिथं सारी मुलं मला ताई म्हणायची, म्हणून तीही ताईच म्हणायची. हे मी तिला शिकवलं नव्हतं. एके दिवशी तिनं आपणहून सुरू केलं आणि मला वाटलं, किती समजदार पोरगी. बाकीच्या मुलांना वाटायला नको की ही ताईची घरची आहे, म्हणून मीही तिला मुद्दाम मागंच ठेवायची. पुढं येऊन काही सांगायचं असलं तर तिचं नाव सोडून द्यायची. तिनं कधी तक्रार केली नाही.

मैत्रीला दगडांचं वेड. शाळेतून येताना रस्त्याच्या गिट्टीतून निवडून आणायची. चकचकीत, पट्ट्यापट्ट्यांचे, मधूनच भोक पडलेले. कंपासपेटीत पेन्सिली कमी आणि खडे जास्त. कोणीतरी तिला सांगितलं की समुद्रपुराकडे गिरडच्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात, अगदी सुपारीसारखे आणि जायफळासारखे. एक व्यापारी तिथल्या दर्ग्याच्या बाबांशी खोटं बोलला, तेव्हा त्याच्या गोणीतला माल जागच्या जागी दगड झाला, असं लोक सांगतात. झालं, मैत्रीच्या डोक्यात गिरड बसलं.

"कवा जायचं?"

"या रविवारी वर्ग आहे बेटा. वर्षावास संपला का जाऊ."

"वर्षावास संपते तवा कोजागिरी येते. मंग माही सहामाही येते. मंग दिवाळी. मंग तू म्हनशील, वर्गाचं स्नेहसंमेलन."

तिनं जे जे सांगितलं ते सारं खरंच व्हायचं होतं. मी तिच्या केसांना तेल लावत होते. वेणी जरा जास्तच घट्ट ओढली गेली आणि ती "आई गं" म्हणाली. 

आता तो रविवार. लॅबमधल्या सोबतीणीच्या घरी पाहुणे, म्हणून सकाळी थोड्या वेळासाठी मला तिच्या जागी लॅबमध्ये जावं लागलं. थोडा वेळ कधी थोडा असतो? चाबी मी शेजारच्या सुलभाबाईंकडे दिली होती. सुलभाबाई म्हणजे महिला मंडळातल्या सगळ्यांत मोठ्या, जन्मभर वंदना म्हणत आलेल्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, ठसठशीत आवाजाच्या. मैत्री त्यांच्याबरोबर वेळेवर विहारात गेली होती. मी सेवाग्रामहून स्कूटी मारत निघाले तेव्हा वर्ग सुरू व्हायची वेळ केव्हाच टळली होती. रस्ताभर माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. पोट्टे धिंगाणा घालत असतील. कोणी मोमबत्ती विझवली असेल, कोणी कोणाच्या अंगावर पाणी ओतलं असेल.

विहाराशी पोचले तर आवाजच नाही. चपला ओळीनं काढलेल्या. आत पाहते तो काय, सगळी मुलं रांगेत हात जोडून बसलेली. मोमबत्ती वितळून अर्ध्यावर आलेली. फुलं वाहिलेली. आणि सुलभाबाईसुद्धा हात जोडून बसलेल्या, चेहरा एकदम गंभीर. पंखा तेवढा फिरत होता.

"झाली का वंदना?" मी विचारलं.

"नाई," सगळे एका सुरात.

"मंग सुरू काऊन नाई केली?"

"तुम्ही नव्हत्या ना."

"अरे, पण तुम्हाले तं सारी पाठ येते ना?"

पहिल्या रांगेतला सम्यक, वर्गातला सगळ्यांत लहान, अगदी सरळ तोंडानं म्हणाला, "येते ताई. पन मागून येते."

मी सुलभाबाईंकडे पाहिलं. "बाई, तुम्हाले तं येते. तुम्ही तरी म्हणायची."

"मी कशी म्हनू वं? वर्ग तुहा आहे." त्या जवळजवळ रागावल्याच. "दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नात आपन पुढं पुढं कराव काय?"

मी हसले, चप्पल काढली, बसले, डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली. पाठीमागून ती बिनचूक परत आली. पण त्या दिवशी माझं लक्ष वंदनेत नव्हतं. मला सम्यकचं वाक्य टोचत होतं. मागून येते. म्हणजे काय? जे पाठ आहे ते पुढून का येत नाही? आपण दार रोज आतून उघडतो, म्हणून बाहेरून उघडता येत नाही असं थोडंच असतं?

दोनेक दिवसांनी सम्यकची आई भाजीच्या ठेल्यावर भेटली. मी सहज विचारलं, घरी म्हणतो का तो वंदना? ती हसायलाच लागली. "म्हनते ना. पन कशी म्हनते मालूम? हात जोडते, डोये मिटते, अन् चूप बसते. मंग एक ओय म्हनते. पुन्ना चूप बसते. मंग दुसरी. मी म्हटलं काऊन रे, मधात मधात काऊन थांबतं? तं म्हनते, आता ताई म्हनून राह्यली."

वांगी माझ्या हातातच राहिली. लॅबमध्ये नळी मशीनमध्ये घातल्यावर आकडा यायची वाट पाहताना जसं होतं, तसं मला झालं. घरात मी नसतानाही ते पोरगं माझ्या ओळीसाठी जागा सोडत होतं. याच्यावर हसावं की रडावं हे कळेना, पण पाहायला मात्र पाहिजे होतं. हे एकट्याचं आहे की साऱ्यांचं?

पुढच्या रविवारी मी वर्गात विचारलं, आज पहिली ओळ कोण म्हणेल? सगळ्यांच्या माना खाली. मी एकीला उभं केलं. तिनं तोंड उघडलं आणि माझ्या ओठांकडे पाहत बसली. मी ओठ घट्ट मिटले तर तिनंही मिटले. मी पाठ फिरवून उभी राहिले. मागून खुदखुद ऐकू आली, मग कोणीतरी कोणाला तरी कोपर मारलं, मग सुलभाबाईंचा "चूप रे पोट्टेहो" आला, आणि ओळ काही आली नाही. सुजाता तेव्हा आठवीत होती, वर्गात सगळ्यांत मोठी, जराशी तापट. ती म्हणाली, "ताई, उगंच वेळ चालला. तुम्हीच म्हना ना." मग मीच म्हटली. उशीर होत होता आणि बिस्किटं वाटायची होती.

आता वाटतं, वेळ तिथंच जात होता. आपण म्हटलं की लवकर होतं. दरी आपण टाकली की सरळ पडते. भांडण आपण सोडवलं की मिटतं. अशी लवकर लवकर कामं करून माझ्याजवळ वेळ उरायला पाहिजे होता. तो कुठं उरला? 

त्याच आठवड्यात, शनिवारी, मैत्री म्हणाली, "उद्या मी नाई येत वर्गाले."

मी गोष्टीसाठी पुठ्ठ्याचे हत्ती कापत होते. "काऊन? बरं नाई काय?"

"बरं आहे. मी घरीच राहीन."

"एकटी?"

"आताही एकटीच राह्यतो ना." पोरगी भांडत नव्हती. खड्यांना पाण्यात बुडवून त्यांचा रंग कसा गडद होतो ते पाहत होती. "सोमवार ते शनिवार तू लॅबमध्ये असते. संध्याकाळी विहारात असते. रविवारी तू ताई असते. मंग आई कवा असते?"

तिनं हे रडत विचारलं असतं तर मी तिला जवळ घेतलं असतं, समजूत घातली असती, आणि गोष्ट तिथं संपली असती. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझीच पोरगी ती. बाजारात भाव विचारावा तसं तिनं विचारलं आणि उत्तरासाठी थांबून राहिली. कात्री माझ्या बोटांत अडकली होती. मी आठवडा मनात इकडून तिकडे चाळला. सापडेना.  ही उद्या घरी राहील, परवा राहील, मग तिला घरी राहायची सवय होईल आणि मग ती विचारायचीही बंद होईल, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. विचारायची बंद झालेली माणसं मी लॅबच्या बाकावर रोज पाहते.

"उद्या दोघी जणी वर्गाले जाऊ," मी म्हटलं, "अन् पुढच्या रविवारी गिरडले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. विश्वास बसला नव्हता. "अन् वर्ग?"

"वर्ग वर्गाचा पाहून घेईल."

म्हणायला म्हटलं. सुलभाबाईंना सांगायला गेले तर त्या पापड उलटत होत्या. "मंग सुट्टी देऊन टाक त्या दिवशी."

माझ्या ओठांवर 'हो' आलंच होतं. पण काऊनबाई मध्ये आली. "नाई बाई. वर्ग होईल. चाबी तुमच्याजवळ राहील. फक्त बसा. म्हणू नका."

"मंग म्हनीन कोन?"

"तेच तं पाहायचं आहे."

"पाहाले तं तू राहनारच नाई!" सुलभाबाई पापड हातात घेऊन माझ्याकडे पाहत राहिल्या. "येडी आहेस काय वं?"

खरंच होतं त्यांचं. मी असले की ते होणार नव्हतं, आणि नसले की मला दिसणार नव्हतं. लॅबमध्ये असा प्रयोग कोणी केला तर त्याला घरी पाठवतील.

गिरडला आम्ही पहाटेच्या एसटीनं गेलो, समुद्रपूरला गाडी बदलून. श्रावणातलं ऊन-पाणी चाललं होतं. खिडकीच्या काचेवर थेंब, आणि थेंबांत हिरवंगार सोयाबीन. मैत्रीनं दगडांसाठी कापडी पिशवी घेतली होती आणि ती मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती, जशी काही आधीच भरलेली आहे. टेकडीच्या पायऱ्या ओल्या होत्या. दर्ग्यात सगळ्या जातीधर्माची माणसं, कोणी नवस फेडायला, कोणी नुसतं फिरायला. लोबानाचा वास. चादर विकणाऱ्या चाचांनी तिला व्यापाऱ्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली आणि एक गोल दगड तिच्या तळहातावर ठेवला.

"देखो बेटी, सुपारी थी."

तिनं तो दातांखाली धरून पाहिला, चाचा हसले. मग ती म्हणाली, "सुपारीचा दगड होते, तं दगडाची सुपारी होते काय?"

"वो तो बाबा से पूछना पडेगा," चाचा म्हणाले, आणि तिनं खरोखरच डोळे मिटून विचारलं.

बाहेर कडुनिंबाखाली एका खडकावर आम्ही दशम्या सोडल्या. आणि तेवढ्यात वर्गाची वेळ झाली. मी घड्याळ पाहिलं नव्हतं, पण अंगाला कळतं. माझा हात पर्सकडे गेला. सुलभाबाईंना एक फोन. नुसतं विचारायचं. मैत्री दशमी खात होती आणि माझ्या हाताकडे पाहत होती.  मी फोन काढला आणि तिच्या दगडांच्या पिशवीत टाकून दिला. ती हसली. तिच्या पुढच्या दातांना लोणच्याचं तेल लागलं होतं.

"आता ते बसले असतीन," ती म्हणाली.

"हो ना. कोण म्हणेल गं पहिली ओळ?"

"कोणीच नाई."

"काऊन पण? येते तं सगळ्यांले."

"ते तुही ओळ आहे ना." तिनं हे इतकं सहज सांगितलं, जणू मला माहीतच असणार. "आमची ओळ तुह्या मागची. तू श्वास घेते ना, खांदे वर जाते तुहे, तवा आम्हाले समजते का आता आपली पाळी येणार. तू नसली तं आमची ओळ कोणाच्या मागून म्हणाची?"

"तुलेही नाई येत पुढून?"

ती सुपारीच्या दगडाला अंगठ्यानं घासत राहिली. "मले कोणी 'म्हण' म्हटलंच नाई," ती म्हणाली.

पाऊस आला म्हणून आम्ही उठलो. पिशवी इतकी जड झाली होती की परतीच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, बाई, यात आहे काय? मैत्री म्हणाली, सुपाऱ्या. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आणि वाटेतल्या जाम गावच्या चौकापर्यंत माझा हात मुंग्यांनी भरून गेला, पण मी हलवला नाही. बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

घरी पोचलो तर सुलभाबाई गेटवरच उभ्या. "अवं रंजना, काय सांगू तुले! हसून हसून पोट दुखलं माह्यं."

त्यांनी सांगितलं ते असं. मुलं बसली. हात जोडले. बराच वेळ सगळं शांत. मग सम्यकनं, आपल्या घरच्या सवयीनं, माझ्या ओळीइतका वेळ चूप राहून एकट्यानंच त्याची ओळ म्हटली. बाकीच्यांनी माना वर करून पाहिलं. मग पुन्हा सगळे चूप. माझी दुसरी ओळ संपेल इतका वेळ. आणि मग सगळ्यांनी मिळून त्यांची ओळ म्हटली. असं चाललं. एक ओळ रिकामी, एक ओळ भरलेली. माझ्यासाठी जागा सोडून, माझ्याच चालीत, माझ्याच श्वासाइतकं थांबून.

"म्या तं डोये पुसले," सुलभाबाई म्हणाल्या. "म्हटलं बाप्पा, मानूस नाई तरी मानसाची जागा हाय. अन् मंग ते सुजाता भडकली ना!"

"काऊन?"

"म्हने, असं तं दुप्पट वेळ लागते. मले क्लासले जाचं आहे. अन् म्हनून दिली तिनं ठनठनून, तुह्यावाली ओय. पोट्टे घाबरून मागून म्हनाले लागले."

म्हणजे पाहा, आमच्या वर्गात नेतृत्वाचा जन्म झाला तो क्लासला उशीर होतो म्हणून. शिबिरात मी हे सांगणार आहे, आणि सुजाता समोर बसलेली असेल, चिडेल. चिडू दे. मला ती तेव्हाही आवडली होती आणि आजही आवडते. नियोजन तिच्या रक्तातच आहे. मी तिचे नमुने तपासलेले नाहीत, तरी सांगते.

अजून एक गोष्ट सांगायची आहे. पण ती त्या ताया-दादांना सांगता येईल की नाही, मला ठाऊक नाही.  मैत्री आता नागपूरला हॉस्टेलवर राहते. इथं घरी तिच्या खोलीच्या खिडकीत ते गोल दगड अजून आहेत, रविवारी मी त्यांच्यावरची धूळ पुसते. एखादा हातात घेतला की गार लागतो आणि मला तो पुढचा रविवार आठवतो.

त्या रविवारी आम्ही दोघी वेळेवरच निघालो होतो. पण फाटकाशी सुलभाबाईंनी मला धरलं, कोणाच्या तरी रिपोर्टबद्दल विचारत होत्या. मैत्री पुढं पळाली. मी पोचले तेव्हा दरी पडलेली होती. जराशी वाकडी. मोमबत्ती लागलेली होती. कोणीही माझी वाट पाहत नव्हतं. सुजातानं पाळ्या लावून दिल्या होत्या, दर रविवारी एक जण पुढं, आणि पहिली पाळी तिनं मैत्रीला दिली होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं की ताईच्या पोरीला मागं ठेवायचं असतं. मी दाराशी, सगळ्यांच्या मागं, चपलांजवळ बसले. त्या जागेवरून विहार केवढा मोठा दिसतो, हे मला माहीतच नव्हतं.

मैत्री समोर बसली होती. तिची पाठ ताठ, वेणी एकीकडे सुटलेली. तिचे खांदे वर गेले.

तिनं ओळ म्हणायच्या आधीच माझ्या तोंडातून ती निघून गेली. मोठ्यानं. इतक्या वर्षांची सवय, मी काय करणार? सगळ्या वर्गानं मागं वळून पाहिलं. सम्यक तर डोळे मोठे करून म्हणाला, "ताई, तुम्ही मागून म्हना ना!" पोट्टे फिदीफिदी हसायला लागले. सुलभाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मैत्रीही वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती मला शोधत होती, आणि मी तिला चपलांजवळ सापडले. त्या विहारात तिनं मला ताईशिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं, कधीच.

"आई," ती म्हणाली, साऱ्यांच्या देखत. "तू माह्या मागून म्हण."

मी हात जोडले आणि थांबले. ती समोर वळली, तिनं श्वास घेतला, आणि पहिली ओळ म्हटली. मग मी ती मागून म्हटली.